निवेदन पुरे, नोंदवही उघडा: सीमाभागातील नगरसभांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव जिल्ह्याच्या सीमाभागातील नगरसभा, पुरसभा आणि पट्टण पंचायतींचे सर्व सन्माननीय सदस्य, पौरायुक्त व मुख्याधिकारी यांस,

स. न. वि. वि.

मी एका महिला बचत गटाची सचिव आहे. आमच्या भागातल्या गल्लीचे पंच, दोन-तीन तरुण मंडळं आणि आमच्यासारखे काही बचत गट मिळून गेली काही वर्षं पाण्याच्या प्रश्नावर काम करतो. मी राहते त्या शहराचं नाव या पत्रात मुद्दाम घातलेलं नाही. निपाणी, संकेश्वर, चिकोडी, सदलगा, खानापूर अशा कुठल्याही गावात माझ्या मैत्रिणींशी बोलले की तेच अनुभव ऐकू येतात. म्हणून हे पत्र एका सभागृहाला नाही, तुम्हा सगळ्यांना आहे.

सांगायचं ते आधीच सांगते. गल्लीतल्या संस्थांशी तुमचा व्यवहार निवेदन घेण्यापुरता आणि प्रभातफेरीला माणसं बोलावण्यापुरता उरला आहे. पाणीपुरवठ्याच्या रोजच्या कामात आम्हाला ठरलेली जागा द्या. ती लेखी असू द्या, तिचे अधिकार ठरलेले असू द्या आणि आमची जबाबदारीही ठरलेली असू द्या.

निवेदनाचं काय होतं ते तुम्ही आणि आम्ही दोघेही जाणतो. चावीला, म्हणजे नळाला, पाणी आलं नाही, आठवडा उलटला, बायका चिडल्या की आम्ही पंधरा-वीस जणी नगरपालिकेत जातो. कधी अध्यक्ष असतात, कधी नसतात. कुणीतरी अधिकारी निवेदन घेतो, फोटो निघतो, कागदावर आवकचा शिक्का बसतो, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते. आणि खरं म्हणजे पाणीही येतं. पुढच्या पाळीला तासभर जास्त येतं. मग सगळ्यांना वाटतं की काम झालं.

पण ते जास्तीचं पाणी कुठून आलं? टाकी तेवढीच आहे, उपसा तेवढाच आहे, पंप तेच आहेत. आमच्या गल्लीचा वॉल्व्ह तासभर जास्त उघडा राहिला म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी तासभर आधी बंद झाला. ज्यांचा बंद झाला त्यांच्याकडे पंच नाहीत, मंडळ नाही, वॉर्डाचा सदस्य विरोधी गटाचा आहे, किंवा बायका दिवसभर विड्या वळतात आणि त्यांना कार्यालयात येऊन बसायला वेळ नाही. मग महिन्याभराने त्यांचा धीर सुटतो, त्या येतात, आणि आमचं पाणी कमी होतं. निवेदनांनी पाणी वाढत नाही, फक्त टंचाई एका बोळातून दुसऱ्या बोळात सरकते. हे ज्या दिवशी माझ्या लक्षात आलं त्या दिवसापासून नुसतं निवेदन घेऊन जाण्यात मला समाधान वाटेनासं झालं. शेजारच्या गल्लीतल्या बाईच्या घागरीतलं पाणी आम्हाला नको आहे.

यावर उपाय एकच. कुठल्या वॉर्डाला कधी, किती वेळ आणि किती दाबाने पाणी सोडलं, ते सगळ्या शहराला दिसलं पाहिजे. वॉल्व्ह फिरवून पाणी सोडणाऱ्या चावीवाल्यांकडे ही नोंद असते. निदान असायला हवी. ती वही कार्यालयाच्या कपाटात राहते आणि आम्हाला तोंडी उत्तर मिळतं: लाईट नव्हती, पंप जळाला, मुख्य वाहिनी फुटली. ही कारणं खोटी असतात असं मी म्हणत नाही. उन्हाळ्यात वीज जाते, पंप जळतात, चाळीस-पन्नास वर्षांच्या जुन्या वाहिन्या फुटतात. पण वाहिनी फुटली तर तिची झळ सगळ्यांना सारखी बसली का, हे ती वही पाहिल्याशिवाय कळत नाही.

आता पाण्याच्या दर्जाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण सभागृहात यावर सगळ्यात कमी चर्चा होते.

आपल्याकडे पाणी दिवसाआड, कुठे चार दिवसांनी, कुठे आठवड्याने येतं. मधल्या काळात जमिनीखालचा पाइप रिकामा असतो. भरलेल्या पाइपला गळती असेल तर पाणी बाहेर जातं. रिकाम्या पाइपला गळती असेल तर बाहेरचं पाणी आत येतं. आणि आपल्या बहुतेक गल्ल्यांत नळाची वाहिनी गटारीच्या कडेने, काही ठिकाणी गटारीतूनच गेली आहे. त्यात पाणी सुटल्याबरोबर लोक थेट नळाला मोटर जोडून ओढतात. मोटरीने ओढलं की पाइपमध्ये उलटा दाब तयार होतो आणि आजूबाजूचं सांडपाणी आत खेचलं जातं. पहिल्या पाच-दहा मिनिटांचं पाणी गढूळ आणि वासाचं का येतं, याचं कारण हे आहे. शुद्धीकरण केंद्रात तुरटी आणि क्लोरीन नीट घातलेलं असलं तरी शेवटच्या नळापर्यंत पोचेतो पाण्यातला क्लोरीन संपलेला असू शकतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस १०५०० प्रमाणे, ग्राहकाच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरला पाहिजे. केंद्रातलं पाणी तपासून हे कळत नाही. टोकाच्या घरातलंच पाणी तपासावं लागतं.

हुबळी-धारवाडमध्ये काही भागांत चोवीस तास पाणी आणि बाकी शहरात ठरावीक दिवसांनी पाणी, अशी स्थिती होती तेव्हा संशोधकांनी दोन्हीकडचे नमुने तपासले. ठरावीक दिवसांनी पाणी येणाऱ्या भागात जंतू सापडण्याचं प्रमाण बरंच जास्त निघालं, आणि पाणी सुटल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत व पावसाळ्यात ते आणखी वाढलेलं होतं. आपली शहरं त्याहून वेगळी असण्याचं काही कारण नाही.

आणि इचलकरंजी आपल्याला लांब नाही. सीमाभागातल्या कितीतरी घरांतली माणसं तिथे मागावर कामाला गेलेली, कितीतरी मुली तिथे दिलेल्या. २०१२ साली तिथे काविळीची साथ आली ती दूषित पाण्यातूनच. हजारो लोक आजारी पडले, माणसं दगावली. काविळीची ती जात गरोदर बायकांना सगळ्यात घातक असते. आपल्या सभागृहांपैकी कितींनी त्यानंतर आपल्या शहराच्या वाहिन्यांचा नकाशा मागवून गटारी कुठे ओलांडल्या आहेत ते तपासलं? हा प्रश्न मी तळमळीने विचारते आहे. उत्तर असेल तर ते लोकांपुढे ठेवा, आम्हाला आनंदच होईल.

हे सगळं समजल्यावर आम्ही बायकांनी एक काम सुरू केलं. पाण्यात क्लोरीन उरला आहे का ते पाहण्याचं, ओटी टेस्टचं साधन मिळवलं. छोट्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे आणि पिवळा रंग किती चढतो ते बाजूच्या पट्टीशी ताडून पाहायचं. आशाताई आणि आरोग्य खात्याची माणसं हीच तपासणी करतात, त्यात अवघड काही नाही. वाहिनीच्या सुरुवातीचं एक घर, मधलं एक आणि टोकाचं एक अशी घरं ठरवली. पाणी आलं की तपासायचं आणि वहीत लिहायचं: तारीख, वेळ, घर, रंग. बऱ्याच वेळा सुरुवातीच्या घरात रंग चढायचा आणि टोकाला पाणी तसंच पांढरं राहायचं.

ती वही घेऊन आम्ही कार्यालयात गेलो. तिथे आम्हाला पहिला प्रश्न विचारला गेला तो असा, की तुम्हाला ही तपासणी करायला कुणी सांगितलं? दुसरा, तुमचं मंडळ कुठल्या पक्षाचं? वही कुणी उघडून पाहिली नाही. मला राग आला, तो अजून गेलेला नाही. मात्र त्याच कार्यालयातल्या एका कनिष्ठ कर्मचाऱ्याने जिन्यात गाठून आमच्या नोंदी मोबाइलवर उतरवून घेतल्या आणि त्या भागातला एक जुना जोड बदलून दिला, हेही इथे लिहायला हवं. काम करणारी माणसं तुमच्याकडे आहेत. त्यांच्यापर्यंत आमची वही पोचायला जिन्याची गरज पडू नये, एवढंच म्हणणं आहे.

पक्षाचा प्रश्न विचारला जातो तेव्हा त्यामागची भीतीही मला कळते. आपल्या भागात मंडळ म्हटलं की त्यामागे कुणीतरी इच्छुक असतो, पाण्याचा मोर्चा म्हटलं की निवडणूक जवळ आलेली असते. काही मंडळं फक्त आपल्या गल्लीपुरतंच पाहतात. मंडपाचे खांब रोवताना नळाची वाहिनी फोडणारी मंडळंही आहेत आणि फोडल्यावर गप्प बसणारीही आहेत. आमच्याच बैठकीत मोटर लावून पाणी ओढणारे लोक दुसऱ्यांना शिस्त शिकवतात. हे दोष झाकून ठेवून मला तुमच्याकडे काही मागायचं नाही. पण म्हणूनच नियम ठरवा असं मी म्हणते. कुठली संस्था बसेल, किती वर्षं बसेल, निवडणुकीला उभं राहणाऱ्याला बसता येईल का, एका वॉर्डातून किती जण, त्यात निम्म्या बायका असतील का, हे ठरावातच लिहा. नियम नसतात तेव्हाच ओळखीची माणसं आत येतात.

दुसरी एक गोष्ट तुमच्या लक्षात आणून देते. २०१८ साली कर्नाटकातल्या कितीतरी नगरसभांच्या निवडणुका झाल्या, पण अध्यक्ष-उपाध्यक्षपदाच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात गेला आणि निवडून आलेले सदस्य दोन वर्षं अध्यक्षाविना बसून राहिले. पुढच्या मुदतीतही तसाच विलंब झाला. या काळात प्रशासक होते. ते आले आणि बदलून गेले. मधेच २०१९ चा महापूर आला, २०२१ चा आला. वेदगंगा, दूधगंगा, हिरण्यकेशी, कृष्णा सगळ्या पात्र सोडून वाहिल्या, यमगर्णीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला, नदीकाठचे पंप बुडाले. चारी बाजूंनी पाणी आणि घरात प्यायला थेंब नाही, ही अवस्था ज्यांनी भोगली त्यांना ती सांगायला नको. त्या दिवसांत टँकर कुठल्या बोळात शिरतो, कुणाच्या बोअरचं पाणी गोड आहे, कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, हे तरुण मंडळांना आणि बचत गटांना ठाऊक होतं. सभागृहाची मुदत संपते, अधिकाऱ्याची बदली होते, गल्ली तिथेच असते. त्यामुळे पाण्याची आठवण गल्लीकडे जास्त आहे, आणि ती वापरली जात नाही याचं मला वाईट वाटतं.

कायद्याचं म्हणाल तर ७४ व्या घटनादुरुस्तीने पाणीपुरवठ्याचा विषय बाराव्या अनुसूचीत घालून नगरपालिकांकडे सोपवण्याची वाट मोकळी केली. वॉर्ड समित्यांची तरतूदही केली, पण सक्ती तीन लाख आणि त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांनाच आहे. बेळगाव महानगरपालिका त्यात येते. निपाणीची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साधारण ६२ हजार होती. बाकीची आपली शहरं त्याहून लहान. म्हणजे आपल्यावर सक्ती नाही. पण मनाईही नाही. मोठ्या शहरांवर संविधानाने जे बंधन घातलं ते आपण आपणहून केलं तर सभागृहाचा मान वाढेलच. उलट लहान शहरात ते सोपं आहे, कारण इथे सदस्याला प्रत्येक बोळातला माणूस नावाने माहीत असतो.

पैशाची अडचण नेहमी सांगितली जाते. ती खरीही आहे, पाणीपट्टीची वसुली कमी आणि विजेचं बिल मोठं. पण १५ व्या वित्त आयोगाने अनुदानातला ठरावीक हिस्सा पाण्यासाठी राखून ठेवायला सांगितला होता. तो कुठे खर्च झाला ते सांगा. १ ऑक्टोबर २०२१ पासून सुरू झालेल्या अमृत २.० मध्ये तर महिला बचत गटांना पाण्याच्या तपासणीत आणि व्यवस्थापनात सामील करून घ्यायला स्पष्ट सांगितलं आहे, अमृत मित्र नावाने त्याचा उपक्रमही आहे. आम्ही जे मागतो ते केंद्राच्या योजनेच्या कागदावर आधीच छापलेलं आहे.

हे करून दाखवलेली गावं आहेत. ओडिशातल्या पुरीत २०२१ पासून नळाचं पाणी थेट पिता येईल अशी व्यवस्था झाली आणि तिथे जलसाथी म्हणून बचत गटातल्या बायका नेमल्या. त्या मीटर वाचतात, बिल पोचवतात, पैसे जमा करतात, घरच्या नळाचं पाणी तपासतात, तक्रार नोंदवतात, आणि त्या कामाचा त्यांना मोबदला मिळतो. हे मुद्दाम लिहिलं, कारण बायकांचं काम म्हटलं की ते फुकट करायचं असा समज आपल्या सभागृहात अजून आहे. आम्ही सुरुवातीला फुकट करूही. पण कायम नाही.

पुरी लांब वाटत असेल तर कराडजवळचं मलकापूर पाहा. पुणे-बंगळूर महामार्गावरच आहे. छोटंसं गाव, तेव्हा नगरपंचायत होती. सतरा-अठरा वर्षांपूर्वी त्यांनी सगळ्या गावाला मीटरने चोवीस तास पाणी द्यायला सुरुवात केली, आणि जास्त वापर तर जास्त दर असा टप्प्यांचा दर लावला. आपल्या सदस्यांचे अभ्यासदौरे निघतात. एक दौरा मलकापूरला काढा आणि सोबत वॉर्डातल्या दोन बायका आणि दोन चावीवाले न्या. तिकडचे अधिकारी काय सांगतात ते तुम्ही ऐका. बायका तिकडच्या बायकांना विचारतील की मीटर बसल्यावर बिल किती आलं, आणि चावीवाले विचारतील की वॉल्व्ह कधी बंद करावा लागतो का.

आपल्याच जिल्ह्याचं उदाहरण मात्र मला अस्वस्थ करतं. बेळगावात २००८ पासून दहा वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झालं. तिथे ते चाललं, लोकांना पटलं. पण बाकीच्या वॉर्डांनी पुढची कितीतरी वर्षं वाट पाहिली, त्यांच्याकडे पाणी पाळीनेच येत राहिलं. एकाच शहरात रस्त्याच्या या बाजूला चोवीस तास आणि त्या बाजूला आठवड्याला एकदा, हे लोक इतकी वर्षं पाहत आले. ज्या शहरात १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली विहीर शंभर वर्षांनंतरही पाणी देते, त्या शहरात हे झालं. आपल्याकडे आता नव्या योजना येत आहेत, रस्ते उकरले जात आहेत, मीटर बसत आहेत. कुठला भाग आधी आणि कुठला नंतर, हे कुणी आणि कशावरून ठरवलं? टोकाचा, उंचावरचा, गरीब भाग शेवटी ठेवला तर पैसे संपतात तेव्हा नेमका तोच राहून जातो. योजनेची सुरुवात टोकाकडून करा अशी आमची मागणी आहे.

मीटरबद्दल आमच्या बायकांच्या मनात भीती आहे. मीटरला त्यांचा विरोध आहे असं मात्र समजू नका. ज्या घरात तीन कुटुंबं एका नळावर राहतात तिथे वापर जास्त दिसतो आणि टप्प्याच्या दरात सगळ्यात वरचा दर त्यांनाच लागतो. बंगल्यात दोन माणसं आणि एक मीटर, वाड्यात चौदा माणसं आणि एक मीटर. माणशी हिशेब केला तर वाड्यातला माणूस कमी पाणी वापरतो आणि जास्त पैसे भरतो. दर ठरवताना भाडेकरूंच्या, विडी कामगारांच्या घरातलं कुणी तुमच्यासमोर बसलेलं असतं तर ही गोष्ट ठरावाआधीच कळली असती. आणि वाहिनीत पाणी नसताना मीटर नुसत्या हवेने फिरतो, ही तक्रारही हसण्यावारी नेऊ नका. पाणी यायच्या आधी पाइपमधली हवा मीटरमधून बाहेर पडते आणि काटा पुढे सरकतो. पाणी ठरावीक दिवसांनीच येत असेल तर हे दर पाळीला होतं. आधी पाणी सतत द्या, मग मीटरवर बिल घ्या. हा क्रम उलटा करू नका.

एक विषय टाळता येणार नाही, तो भाषेचा. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याबद्दल माझं मत आहे, तुमचंही असेल, तो इथला विषय नाही. चावीवर आमच्या रांगेत मराठी, कानडी, उर्दू बोलणाऱ्या बायका एकामागे एक उभ्या असतात आणि घागरी एकमेकींच्या धरतात. पण पाणी बंद राहणार असल्याची सूचना, पाणी उकळून प्या ही सूचना, बिलाच्या मागे छापलेले नियम, थकबाकीची नोटीस हे सगळं फक्त कानडीत येतं, आणि आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या बायकांना ते वाचता येत नाही. ज्या गावात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून जास्त आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे केंद्राने १९५६ च्या निवेदनपत्रातच मान्य केलेलं आहे. आपल्या काही शहरांत तर मराठी बोलणाऱ्यांचं प्रमाण त्याहून कितीतरी जास्त आहे. कानडीत द्या, आणि सोबत मराठीतही द्या, जिथे गरज आहे तिथे उर्दूतही द्या. पाणी उकळून प्या हे वाचता न आल्याने एखादं लेकरू आजारी पडलं तर त्याचा दोष कुठल्या भाषेला देणार? पाण्याच्या बाबतीत तरी ही अडवणूक थांबवा, मी हात जोडून सांगते.

आता नेमकं काय करा, ते सांगते.

पुढच्या सर्वसाधारण सभेत पाणी समितीचा ठराव आणा. प्रत्येक वॉर्डातून एक बचत गट आणि एक मंडळ किंवा पंच यांचा प्रतिनिधी, पाणी विभागाचा अभियंता, दोन चावीवाले. महिन्यातून एकदा बसायचं, ठरलेल्या तारखेला, अध्यक्ष असोत वा नसोत. या बैठकीत पाणी सोडल्याची नोंदवही वाचली जाईल, गळतीच्या तक्रारी किती आल्या आणि किती दिवसांत दुरुस्त झाल्या ते वाचलं जाईल. दुरुस्त झाल्या नसतील तर कारण लिहिलं जाईल. इतिवृत्त कार्यालयाच्या बाहेरच्या फलकावर दोन्ही भाषांत लागेल. समितीला पैसे खर्च करायचा अधिकार नको. तो सभागृहाचाच राहू द्या, कारण जबाबही तुम्हीच द्यायचा आहे. पाणी देणं हे नगरपालिकेचं काम आहे आणि ते आमच्या अंगावर ढकलून मोकळं होण्याची वाट आम्हाला करून द्यायची नाही.

पाणी सोडण्याचं वेळापत्रक जाहीर करा आणि ते मोडलं तर त्याच दिवशी कळवा. आज बहुतेकांच्या हातात फोन आहे, वॉर्डाचा ग्रुप आहे, मंदिराचा आणि मशिदीचा भोंगा आहे. चावीवाल्याने सकाळी अभियंत्याला कळवलेलं आम्हाला दुपारपर्यंत कळायला काही अडचण नाही. पाणी येणार नाही हे आदल्या रात्री समजलं तर विडीकाम करणारी बाई सकाळी कारखान्यात जाईल. समजलं नाही तर ती चावीजवळ बसून राहते आणि तिची दिवसाची मजुरी बुडते. हे नुकसान नगरपालिकेच्या कुठल्याच हिशेबात येत नाही.

आमच्या ओटी टेस्टच्या नोंदी अधिकृत धरा. विश्वास नसेल तर तुमच्या कर्मचाऱ्याने सोबत येऊन तपासावं, बायकांना प्रशिक्षण द्यावं, साधनं द्यावीत. जंतूंच्या तपासणीच्या एच टू एस बाटल्याही द्याव्यात. त्यात पाणी काळं पडलं की प्रयोगशाळेत नमुना पाठवता येतो. टोकाच्या घरात सलग दोन पाळ्यांना क्लोरीन आढळला नाही तर ती वाहिनी तपासायचीच, असा नियम करा.

आणि चावीवाल्यांकडे बघा. शहराच्या पाण्याचं खरं ज्ञान त्यांच्याकडे आहे. कुठला वॉल्व्ह अर्धा अडकतो, कुठे जुनी वाहिनी नकाशावर नाही पण जमिनीत आहे. त्यातले किती जण कंत्राटी आहेत, किती जणांचा पगार वेळेवर होतो? पहाटे चारला वॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसावर दोन्हीकडून दबाव येतो, सदस्याचा फोन वेगळा आणि गल्लीची शिवी वेगळी. वेळापत्रक भिंतीवर लागलं तर त्यालाही आधार मिळेल. मी सांगितलं म्हणून नाही, वेळापत्रकात आहे म्हणून, असं तो ठामपणे म्हणू शकेल.

आमच्याकडून काय मिळेल, तेही लिहून देते. थेट नळाला मोटर लावणं बंद करण्याचं काम गट आणि मंडळं हाती घेतील. तुमच्या कर्मचाऱ्याने मोटर जप्त केली की भांडण होतं. शेजारणीने दारात येऊन सांगितलं की निदान ऐकलं जातं. पण दाब सुधारेल असा शब्द आधी तुम्ही द्या, कारण पाणी चढतच नाही म्हणून लोक मोटर लावतात. पाणीपट्टी वेळेत भरायला आम्ही गटात सांगू, थकलेली पाणीपट्टी हप्त्यांनी भरायची सोय दिलीत तर ती आमच्या बचतीच्या बैठकीतच जमा करून पावती करून घेऊ. घरफाळा आणि पाणीपट्टी एकदम भरा नाहीतर काहीच घेत नाही, ही अट मात्र काढा. मंडपाचे खांब रोवण्याआधी वाहिनी कुठून गेली ते पाणी विभागाकडून आखून घेण्याची जबाबदारी आमच्या भागातल्या मंडळांनी मान्य केली आहे.

जानेवारीपासून उपसा कमी होत जातो आणि मार्च-एप्रिलमध्ये नद्यांचे डोह उघडे पडतात. त्यामुळे हा ठराव उन्हाळ्यानंतर आणण्यात अर्थ नाही. ज्या नगरसभेला, पुरसभेला किंवा पट्टण पंचायतीला हे करून पाहायचं असेल तिने एका वॉर्डापासून सुरुवात करावी, पण तो वॉर्ड वाहिनीच्या टोकाचा असावा. आमच्या नोंदवहीची प्रत, तपासणीची पद्धत आणि समितीच्या ठरावाचा मराठी-कानडी मसुदा आम्ही तयार ठेवला आहे. ज्या शहरातून बोलावणं येईल तिथे आमच्या गटातल्या बायका स्वतःच्या खर्चाने येऊन तो समजावून देतील. सभेची तारीख आठ दिवस आधी कळवावी, म्हणजे विडीकामाची सुट्टी काढता येते.

कळावे,
आपली विश्वासू,
सचिव, एक महिला बचत गट
सीमाभाग, जिल्हा बेळगाव